निळ्या तळ्याचं नवं तोंड

आमच्या घरामागे जमिनीत पोहण्याचं तळं आहे, हे सांगताना मला अजूनही थोडी लाज वाटते. कुंभकोणात तळ्यांना तोटा नाही, आणि त्यांतल्या एकालाही प्लास्टिकचं अस्तर लागत नाही. आमच्या तळ्याला लागतं. जावयाने परदेशातून सगळा संच मागवला होता: पत्र्याच्या भिंती, त्यांवर ताणून बसवायचं निळं व्हिनाइल, पंप, फिल्टर. उद्घाटनाला नादस्वरम् वाजलं आणि काळ्या ग्रॅनाइटची पाटी लागली. पाटीवर माझंही नाव आहे, ‘प्रेरणास्थान’ म्हणून. मी फक्त जागा दिली होती, तीही पपईची झाडं काढून. असल्या तळ्याचा विधी पुरोहितांच्या पोथीत नव्हता. त्यांनी विहिरीचाच थोडा ताणून लावला.

तळं होतं म्हणून मुलगी नाताळच्या सुट्टीत नातवाला घेऊन महिनाभर येई. बायको गेल्यापासून या घरात आपलं तंजावरी मराठी ऐकू येतं ते त्या महिन्यातच. एरवी मी बाहेर तमिळ बोलतो आणि घरात गप्प असतो. गेल्या वर्षी पाणी हिरवं झालं. नातू दोनदा उतरला, आणि आठव्या दिवशी मंडळी समुद्रकाठच्या हॉटेलात गेली. यंदा मुलगी फोनवर म्हणाली, “अप्पा, तळं नीट असलं तर महिनाभर राहू. नसलं तर पोरानं तिथं करायचं काय?”

प्रश्न रास्त होता. मी इथे वर्षभर काय करतो, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

दुखणं तोंडाशी होतं. फिल्टरमधलं पाणी भिंतीतल्या ज्या भोकातून तळ्यात परत येतं, तिथलं परदेशी फिटिंग दीड इंची. त्याचे आटे आपल्या पाइपाशी जुळत नाहीत. पहिल्या मिस्त्रीने सूत गुंडाळून ते जबरदस्तीने पिळलं होतं. ते तडकलं आणि गळू लागलं, पंप बंद ठेवावा लागला आणि पाणी हिरवं झालं. म्हणून ते काढून दोन इंची देशी फिटिंग बसवायचं ठरलं. नवा प्लंबर जवळच्याच तिरुभुवनचा, रेशीम विणणाऱ्यांच्या घरातला.

“तुम्ही माग का सोडला?” मी विचारलं.

“मागावर एक धागा तुटला की बाप दिवसभर बोलायचा, सार. पाइप तुटला तर गिऱ्हाईक फक्त तासभर बोलतं.”

मी त्याला संचाबरोबर आलेली माहितीपुस्तिका तमिळमध्ये वाचून दाखवली. व्हिनाइलवर आधी रबराची चकती, तिच्यावर प्लास्टिकचं कडं, सगळे स्क्रू घट्ट. मग कड्याच्या आतलं व्हिनाइल कापायचं. आधी कापलं तर ताणलेलं व्हिनाइल मागे सरकतं आणि भोक हाताबाहेर जातं. त्याला हे पुस्तिकेपेक्षा लवकर कळलं. “मागावरच्या कापडासारखंच. आधी धरायचं, मग कापायचं.”

पुढच्या पानावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: पाणी भोकाच्या खाली वीतभर उतरवा, तळं कधीही पूर्ण रिकामं करू नका. लाल अक्षरांवर माझा कधीच विश्वास नव्हता. “या कंपन्या आधी घाबरवतात, मग औषध विकतात,” मी म्हणालो.

“विहीर आपण उपसतोच की, सार. तळ दिसल्याशिवाय घाण जात नाही.”

इथली रीत तीच. विहीर असो की देवळाचं तळं, पार उपसायचं आणि गाळ काढायचा. फक्त ती उन्हाळ्यातली रीत आहे. आम्ही पंप लावला तो डिसेंबरात, इथला पावसाळा नुकता सरल्यावर, कालवे काठोकाठ भरून वाहत असताना. अंगणातल्या विहिरीचं पाणी लोटा बुडवून घेता येईल इतकं वर होतं, हे दोघांनाही दिसत होतं. पण आमची कॉफी चालली होती, आणि किती दिवसांनी मी कुणाला काही वाचून दाखवलं होतं.

दुपारी तळ्याचा निळा तळ पुरीसारखा फुगला. जमिनीतलं पाणी खालून वर ढकलत होतं आणि वरून दाबायला पाणीच उरलं नव्हतं. आम्ही बोअरचं पाणी सोडलं. तळ खाली बसला, पण एका कोपऱ्यात व्हिनाइल काठाच्या खोबणीतून निसटलं आणि जुन्या भोकापाशी हातभर फाटलं. प्लंबर काठावर उकिडवा बसून म्हणाला, “बाप असता तर दोन दिवस बोलला असता.”

“पुस्तिका मी वाचली होती,” मी म्हणालो. “तुम्ही नाही.”

विक्रेत्याने सांगितलं, नवं अस्तर बाहेरून यायला दोन महिने लागतील. संध्याकाळी मी मुलीला फोन केला. चूक कुणाची, हे सांगायला तिनं वेळच दिला नाही.

“असू दे अप्पा. कसाला मनाला लावून घेता? आम्ही हॉटेलात उतरू. तुम्हाला दोन दिवस भेटून जाऊ.”

“इथं राहायला खोल्या आहेत की.”

“आहेत. पण त्याला कंटाळा येतो.”

तिचा आवाज प्रेमळ होता, आणि थोडा सुटल्यासारखाही. मी तिकिटांची तारीख विचारली आणि कॅलेंडरवर दोन चौकटींभोवती पेन्सिलीने रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी प्लंबर हत्यारं न्यायला आला. नवं फिटिंग खोक्यातच होतं.

“हे सोमवारी बसवून टाकू,” मी म्हणालो.

“कशावर, सार? अस्तर फाटलंय. नवं आल्यावर हे परत काढावं लागेल.”

“पाइपाकडची बाजू तर जुळवता येईल.”

“त्याला अर्धा तास पुरे. नवं अस्तर आलं की तेव्हाच करू ना.”

“तुम्ही सोमवारी या.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग ओट्यावर मी आधीच काढून ठेवलेल्या दोन पेल्यांकडे. हत्यारांची पिशवी त्याने परत भिंतीला टेकवली.

“सकाळी जमणार नाही,” तो म्हणाला. “दुपारी येतो. जेवूनच येईन, माझ्यासाठी काही करू नका.”

“बरं,” मी म्हणालो, आणि सोमवारसाठी तांदूळ किती घालायचे याचा विचार करू लागलो.