सुईणीच्या हातावरचं पाणी

जळले मी. सरळच सांगते, वहिनीवर जळले.

आमची आदिवासी वाडी खारघरच्या डोंगरावर, आणि मी लग्न होऊन खाली सोसायटीत. वाडीतली सुईण म्हणजे माझी आई. आता सगळ्या बायका दवाखान्यातच जातात, मीही गेले; माझी लेक सिझरची. वहिनीचंही नाव दवाखान्यात घातलेलं होतं, पण बाईला कळा अशा आल्या, की गाडी वर पोचेपर्यंत पोरगा आईच्या हातात! निरोप आला, भाचा झाला. मी तान्ह्या लेकीला घेऊन हौसेनं वर गेले, तर आई दारातच म्हणाली, "तिला नको देऊ गं माज्याकडं. हात बांधलेत माजे."

आमच्यात ही रीत आहे. सुईणीनं नाळ कापली, की पाचवीपर्यंत तिचे हात त्या बाळाचे आणि बाळंतिणीचे. दुसरं तान्हं पोर तिनं घ्यायचं नाही. पाचवीला बाळंतीण तिच्या हातांवर पाणी घालते, मग सुईण मोकळी. मला काय ठाऊक नव्हतं? लहानपणापासून बघत आले. पण माझ्याच लेकीला आजी हात लावेना, तेव्हा ती रीत अशी झोंबली म्हणून सांगू!

आणि वहिनीचे लाड काय विचारता! आई तिची कंबर चोळतेय, निखाऱ्यांवर ओवा टाकून शेक देतेय, नाचणीची पेज फुंकून फुंकून पाजतेय. एरवी याच दोघी चुलीपाशी एकमेकींशी धड बोलत नाहीत. माझ्या बाळंतपणात आई आली होती, नाही असं नाही. पण दवाखान्यात तिला कोण हात लावू देतंय? भेटायच्या वेळेत बाकड्यावर बसली आणि गेली. माझी कंबर अजून दुखते, ती कोण चोळणार? लेकीला मांडीवर घेऊन मी आपली कोपऱ्यात चरफडत बसायचे. वहिनी वर गोड हसून म्हणायची, "ताई, तुमी पन पेज घ्या ना." घ्या म्हणे!

पाचवीला आईनं अंगणात पाटावर बसून हात पुढे केले. वहिनी तांब्या घेऊन उभी राहिली. उभी ती उभीच. बायका खोळंबल्या, माझी लेक किरकिरायला लागली. मला वाटलं, मिरवतेय बया. मी तरातरा गेले आणि तिच्या हातातला तांब्या ओढला. "तुला जमत नसेल तर मी घालते!"

बायका ओरडल्याच. आईनं हात झटकन मागे घेतले. "येडी का खुळी तू? तिचं पानी हाय ते!"

वहिनीनं तांब्या सोडला नव्हता. तिचे डोळे भरले होते, ते मला आत्ता दिसले.

"घालते, ताई," ती हळूच म्हणाली. "घाई नका करू. पानी पडलं, का उद्यापासून या परत माज्या सासूच."

मी तांब्या सोडला. तिनं पाणी घातलं. आईनं हात पदराला पुसले आणि माझ्या लेकीला घ्यायला पुढे केले. मला लगेच देववेना.