मानेतला पहारेकरी

माझा मामा शिंपी. कॉलर आणि गळा यांच्यात वारासुद्धा शिरता कामा नये, हा त्याचा हट्ट. “बोट शिरलं की कोटाची अब्रू गेली,” तो म्हणे. गिऱ्हाईक आरशासमोर सरळ उभं असेपर्यंत सगळं ठीक चाले. पाठ कशी बसलीय ते बघायला कुणी मान वळवली, की बऱ्याचदा डोळे फिरून तो खाली. मामाने आरशापुढे गादीच अंथरून ठेवली होती. “स्वतःचं रूप सोसलं नाही बिचाऱ्याला,” असं तो उरलेल्यांना सांगे, आणि उरलेले रांग लावत. जगात वेड्यांचा तुटवडा नाही, हे मी त्या दुकानात शिकलो.

मग मामेबहिणीने लग्न ठरवलं, तेही टेबल टेनिसच्या पंचाशी. म्हणजे पोटासाठी मान डावी-उजवी करणाऱ्या माणसाशी. मामाने अट घातली, “माझा कोट घालून एक सामना पार पाड. मग लग्नाला माझी ना नाही.”

तिसऱ्या टोल्याला पंच टेबलाखाली गेला. पडताना त्याचा हात गुण दिल्यासारखा वर झाला, म्हणून दोन्ही खेळाडू गुणासाठी भांडत बसले.

सामन्यावरचे डॉक्टर त्याला घेऊन थेट दुकानात आले. “मास्तर, मानेतल्या रक्तवाहिनीत एक पहारेकरी असतो,” ते म्हणाले. “तुम्ही झटकन उठलात की रक्त पायांकडे ओढलं जातं, वाहिनीवरचा ताण घटतो. तो लगेच मेंदूला कळवतो. हृदय जोरात चालतं, नसा आवळतात, दाब सावरतो. दोन-चार ठोक्यांचा खेळ. ताण वाढला तर उलटं, हृदय मंद आणि नसा सैल. तुमची कॉलर नेमकी त्याच्यावर दाबते. त्याला वाटतं, दाब भलताच वाढलाय. तो हृदयाला आवरतो, आणि खरा दाब कोसळतो.”

मामाने शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे चूक पहारेकऱ्याची,” तो म्हणाला. “माझ्या कॉलरीला काय म्हणून बोल? असल्या मानेला मी मुलगी देणार नाही.”

मला त्याचा मनापासून राग आला. आणि हा स्वतः जन्मभर बिनकॉलरच्या सदऱ्यात, गळ्यात मोजपट्टी घालून हिंडलेला.

बहिणीने पंचाचा कोट मामाला चढवला आणि वरचं बटण लावलं. मामा आरशासमोर ताठ उभा राहिला. “बघ. काही होत नाही.”

ती दाराशी, पंचाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. “बाबा, मी जाते.”

मामाने मान वळवली.

गादी होती म्हणून बरं. पंचाने धावत येऊन बटण काढलं आणि मामाचे दोन्ही पाय वर उचलून धरले. बहीण उशाशी बसून रडत होती. “मला खरंच भीती वाटली, बाबा.”

मामाने डोळे उघडले. “शिवण उसवली का?” हा पहिला प्रश्न. मग त्याला तिचे ओले डोळे दिसले. पडल्या पडल्याच त्याने गळ्यातली मोजपट्टी ओढून काढली आणि पंचाला म्हणाला, “वाक जरा. लग्नाच्या कोटाचं माप घेतो. दोन बोटं सोडून.”

पंचाने पाय तसेच वर धरून मान पुढे केली.