बुवांची मांडी
आमचे बुवा खुर्चीत बसून कधी गायले नाहीत. लालबागच्या आमच्या चाळीत गणपतीतलं प्रत्येक भजन त्यांनी जमिनीवर, घट्ट मांडी घालून म्हटलं. गुडघा दुखायला लागल्यावर कोणी खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "खुर्चीत बसून भाषण करतात रे. भजनाला देवाच्या पायाशी बसायचं."

बुवा ऑपरेशनला घाबरले, असं चाळीत अजून म्हणतात. ते खोटं आहे, आणि ते फक्त मला माहीत आहे.

आमच्या दोघांचे गुडघे एकाच सुमारास बिघडले. आतली कूर्चा फाटलेली. परळच्या डॉक्टरांनी दोघांनाही दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुचवली. बुवा म्हणाले, "तू जा आधी. तू मांडी घातलीस की मी जातो."

मी दुसऱ्या दिवशी घरी परतलो. गुडघ्यावर जेमतेम दोन छिद्रं. पाहायला येणाऱ्यांचा विरस नको म्हणून मी वर जाडजूड पट्टी गुंडाळून घेतली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रोज गुडघा वाकवायला सांगितलं होतं. पण ते दुखायचं. सूनबाई खोलीत आली की मी पाय हलवायचो, ती गेली की पेपर वाचायचो. एवढी नियमित कामचुकारी मी नोकरीतही केली नव्हती.

गुडघा आखडला. बुवा आले, तेव्हा सून समोरच होती.

"व्यायाम केलास?"

"सगळा केला," मी म्हणालो. "ती दुर्बीण काही कामाची नाही हो, बुवा."

बुवांनी आपली शस्त्रक्रिया रद्द केली.

पुढे त्याच बाईंनी मला रडवून रडवून गुडघा वाकता केला. बुवांना खरं सांगायचं मी टाळत राहिलो. तोवर त्यांचा गुडघा पार झिजला. दुर्बिणीने भागण्यासारखं राहिलं नाही, आणि मोठं ऑपरेशन त्यांच्या हृदयाला झेपणारं नव्हतं.

त्यांचा शेवटचा गणपती. भजन आमच्याकडे होतं. बुवा दाराशी खुर्चीत, पेटी त्यांच्या पुतण्यासमोर. मी टाळ घेतले आणि सवयीने खाली बसलो. बसल्यावर लक्षात आलं, मी मांडी घातली होती.

"ढोपार बरा वाकता मा रे तुझा," माझ्या गुडघ्याकडे बघत बुवा गावच्या बोलीत एवढंच म्हणाले.

पुतण्याने गजर सुरू केला. माझा ठेका सारखा चुकत होता. बुवा गायले नाहीत. खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत ते मला ताल देत राहिले.