न चुकलेल्या लग्नाची माफी

आमच्या सवाई बेटावरचा पेनिआता म्हणजे गावाचा बोलका सरदार. सरदारकी नावाची, मालकी चार डुकरांची. पण भाषणाला उभा राहिला की ती डुकरंसुद्धा खायची थांबत.

भाची फेतूचं लग्न होनोलुलूला, शनिवारी सकाळी दहाला. मामाने केवड्याच्या पातीची तलम चटई दिल्याशिवाय आमच्यात लग्नाला शोभा नाही. ती बायकोने, सेलाफीने, दोन वर्षं बसून विणली होती.

गुरुवारचं विमान बिघडलं, शुक्रवारचं आलंच नाही. शनिवारी आमच्या राजधानीत, आपियाच्या विमानतळावर चटई मांडीवर घेऊन पेनिआता बसला होता आणि घड्याळात दहा वाजले.

"लागलं लग्न!" म्हणून गडी ढसाढसा रडला. लाजेने बहिणीला फोनही केला नाही. अकराला विमान सुटलं.

"किती लांब आहे गं, पोरी?" त्याने हवाईसुंदरीला विचारलं.

"चार हजार किलोमीटरच्या वर, आजोबा. साडेपाच तास."

"तोवर जेवणावळी उठतील की!"

याआधी तो होनोलुलूला गेला होता तेव्हा तिकडे आणि आमच्याकडे एकच वार असे. पुढे आमच्या सरकारने एक अख्खा शुक्रवार गाळला आणि आम्ही एक दिवस पुढे सरकलो. पेनिआताला वाटलं, तो शुक्रवार साऱ्या जगानेच गाळला.

आमच्याकडे मोठा अपराध झाला की अपराधी डोक्यावरून चटई घेऊन समोरच्याच्या अंगणात बसतो. घरच्यांनी चटई उचलली की माफी मिळाली, आणि चटई उचलणाऱ्याची झाली. पेनिआता टॅक्सीतून उतरला तो थेट बहिणीच्या अंगणात चटईखाली जाऊन बसला.

व्याही काइमाना डुक्कर भाजायला खड्डा खणत होता. त्याच्या हातातलं फावडंच गळालं. "विहीणबाई, तुमच्या भावाने आमचं कोण मारलं हो?"

बहीण सिनिवा धावत आली. "दादा, काय करून बसलास?"

"सिने, लग्न चुकवलं गं!"

"कुणाचं?"

"फेतूचं!"

"ती आत केसांना तेल लावतेय. लग्न उद्या आहे. आज शुक्रवार!"

चटईखालून आवाज आला, "शुक्रवार मी कालच संपवला."

"तो तुमचा. आमचा अजून चाललाय."

"मग माझ्या भाषणाचं काय? चार हजार किलोमीटर तेच घोकत आलोय!"

"कर बाबा, कर."

असा बोलला म्हणून सांगू! काइमानाला कशाचा पत्ता नव्हता, तरी तो हुंदके देत होता. सिनिवा डोळे पुसत चटई उचलायला वाकली आणि तशीच थबकली.

"दादा, उचलली तर ही माझी झाली. उद्या फेतूला काय देशील?"

"मग तसाच उठतो."

"माफीशिवाय? सरदार ना तू? गावात तोंड कसं दाखवशील?"

"मग करू काय?"

"बस!"

बसला. रात्रभर बसला. अळकुड्या, डुकराचं मटण, सगळं चटईच्या कडेखालून आत सरकवलं गेलं. सकाळी पाद्रीबुवांनाच अंगणात बोलावलं. दहा वाजता नवरीच्या वेषातली फेतू आली आणि तिने दोन्ही हातांनी चटई उचलली.

"माफ केलं, मामा. आणि चटई झकास आहे."

पेनिआता उन्हात डोळे मिचकावत म्हणाला, "लागलं का गं लग्न?"

"नाही हो. तुम्ही उठा, म्हणजे लागेल!"