चाकूताईचा घडीचा चाकू

पहाटेचा माल उतरला की दुकानात आधी बादल्या भरल्या जातात. मग गठ्ठ्यांच्या सुतळ्या तुटतात, कागद सुटतात आणि गुलाब-लिलीच्या देठांचे तिरपे तुकडे फरशीवर पडू लागतात. त्यांचा ओला, हिरवा वास दिवसभर त्या अरुंद जागेत राहतो. मागच्या थंड खोलीचं दार उघडलं की गुडघाभर उंचीचं धुकं बाहेर सरकतं, काउंटरपर्यंत येतं आणि विरून जातं. त्या धुक्यात उभी राहून काम करणाऱ्या बाईला सगळा रस्ता चाकूताई म्हणतो. तिलाही आता त्याच हाकेला वळायची सवय झाली आहे.

चाकू तसा लहानसाच. मिटला की मुठीत नाहीसा होतो. लाकडी मूठ आणि साध्या पोलादाचं एकच पातं, देठांच्या चिकाने काळपट निळं पडलेलं. फुलांच्या धंद्यात नवखा माणूस आधी कात्री उचलतो. कात्री देठ चेपते आणि चेपलेल्या देठातून पाणी वर चढत नाही, त्यामुळे फूल संध्याकाळपर्यंत मान टाकतं. चाकूने देठ चिरला जातो, चेपला जात नाही. शिकाऊ मुलींना चाकूताई एवढंच सांगते की हात हलवू नका, चाकू धरून ठेवा आणि देठ ओढा.

दुकान बंद केल्यावरही चाकू तिच्याबरोबर असतो. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात, म्हणून प्रत्येक नव्या कपड्याला डाव्या शिवणीत ती आधी खिसा शिवून घेते. तिच्या तरुणपणी आईला हे अजिबात पसंत नव्हतं. मुलीच्या खिशात चाकू पाहून येणारं स्थळ आल्या पावली परत जाईल, असं ती म्हणायची. स्थळं आली, काही गेली, एक चाकूताईने स्वतःच परत पाठवलं. आईने पुढे हा विषय सोडून दिला.

घडीच्या चाकूचे फायदे चाकूताईला कुणी विचारले तर ती ते सांगत बसत नाही, चाकू काढून दाखवते. पार्सल उघडायचं असतं, शेजारच्या दुकानदाराच्या नव्या शर्टाची चिठ्ठी तोडायची असते, पेन्सिलीला टोक करायचं असतं, कुणाच्या बोटातलं कुसळ काढायचं असतं. अशा वेळी लोक स्वयंपाकघरातली सुरी शोधायला जात नाहीत, तिच्याकडे येतात. पातं मुठीत झाकलेलं राहतं म्हणून खिसा फाटत नाही आणि मांडी सुरक्षित राहते. आणि इतक्या लहान चाकूला सहसा कुणी घाबरत नाही.

तोटेही तिच्याकडे आहेत, आणि त्यातले बरेचसे तिच्या बोटांवर आहेत. या चाकूला उघडं पातं अडकवून ठेवणारी कळ नाही. टोकाने काही खुपसायला गेलं की पातं उलटं मिटतं आणि मधे बोट असेल तर बोटावर मिटतं. हात ओले असले की नखाने पातं उघडत नाही. सांध्यात चीक आणि माती साचते. साधं पोलाद, एक दिवस पुसायला विसरलं की गंज. उसना नेणारे त्याने स्क्रू फिरवतात आणि टोक मोडून, वर हसून परत आणतात. सरकारी इमारतीच्या दारात बाहेर काढून ठेवावा लागतो आणि रखवालदार तो दोन बोटांत असा धरतो की जणू मेलेला उंदीर.

सगळ्यात मोठा तोटा तिला फार उशिरा कळला. पुष्पगुच्छ बांधायला दोन्ही हात लागतात आणि चाकू तर क्षणाक्षणाला लागतो. म्हणून फुलांचे कारागीर तो मिटत नाहीत. उघडा चाकू करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात धरायचा, पातं मनगटाकडे वळवायचं आणि उरलेल्या तीन बोटांनी काम करत राहायचं. वर्षानुवर्षं असं केलं की हात चाकूची दखल घेणं सोडून देतो, जसं नाकाला चष्म्याचं काही वाटेनासं होतं.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. तेव्हा आई वरच्या खोलीतून जिना उतरून येते आणि थंड खोलीच्या दाराशी वेताच्या बुटक्या स्टुलावर बसते. चाकूताई पातं धुते, पुसते आणि नासपती कापते. फोड पात्यावरून थेट आईच्या हातात जाते. दोघी फारसं बोलत नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या सावल्या बादल्यांच्या पाण्यात हलत असतात आणि आई अर्धवट मिटल्या डोळ्यांनी त्या बघत चघळत असते. हा रिवाज कधी सुरू झाला, ते दोघींनाही आठवत नाही.

आईच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली आणि ती दवाखान्यातल्या वरच्या मजल्यावरच्या मोठ्या वॉर्डात जाऊन पडली. भुलीचा अंमल उतरला तरी पुरता उतरला नव्हता. खाटांमधले हिरवट पडदे वाऱ्याने फुगत आणि तिला वाटे की गठ्ठ्यांचे कागद सुटले आहेत. "पाणी बदललंस का गं?" ती विचारी. चाकूताई सांगे, बदललं. मग आई निश्चिंत होऊन पुन्हा झोपेत उतरे.

खाणं मात्र ती घेईना. दवाखान्यातलं फळ बशीत कापून येई, कडा तपकिरी पडलेलं. हे कधी कापलं, कुणी कापलं, असं विचारून ती तोंड फिरवी. अन्नासाठी नाकातून घातलेली नळी तिने एकदा उपसून काढली होती. रक्त आलं होतं आणि दोन परिचारिकांनी हात धरल्यावरच ती पुन्हा घालता आली होती.

वॉर्डाच्या दाराशी बसणारा रखवालदार मोठ्या मिशांचा होता, सगळे त्याला काका म्हणत. चाकूताई दवाखान्याच्या काउंटरवर फुलं पोचवत असल्याने तो तिला ओळखत होता. तिने चाकू दाखवला तेव्हा तो म्हणाला, हा काय चाकू आहे का, याने फार तर पेन्सिल जखमी होईल. तिला त्याने आत सोडलं. नासपती आईच्या डोळ्यांसमोर कापली गेली आणि आईने ती खाल्ली. रोज थोडी जास्त. डॉक्टरांनी नळी काढून टाकली.

मग एका दुपारी आईची उशी घसरली. चाकूताईने फोड दिली, दोन्ही हात आईच्या मानेखाली घातले आणि तिला वर उचललं. उशीचा अभ्रा टर्रकन फाटला, आतला कापूस बाहेर आला. समोरच्या खाटेवरची बाई किंचाळली. चाकूताईने खाली पाहिलं तर तिच्याच करंगळीतून उघडं पातं आईच्या कानाशेजारी चकाकत होतं.

आईला ओरखडाही नव्हता. ती कापसाकडे बघून विचारत होती, ही पांढरी फुलं आज कुठून आली?

मुख्य परिचारिका धावत आली. बाई उंच होती आणि आवाज चढवत नसे. तिने आधी आईची मान तपासली, मग चाकूताईकडे वळली.

"हातात उघडा चाकू होता, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं, सिस्टर."

"मग हा चाकू आत कसा येऊ देऊ, तुम्हीच सांगा."

या वॉर्डात अर्धे पेशंट गुंगीत असतात, कुणाचा हात कुठे जाईल याचा नेम नसतो, हे परिचारिकेने समजावून सांगितलं आणि ते खरंच होतं. काकांनाही दोन शब्द ऐकावे लागले. त्या दिवसापासून चाकू दाराबाहेर, काकांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहू लागला.

आईने खाणं सोडलं. चाकूताईने सोलणी आणली. सोलणीने साल निघाली, पण फोडी होईनात. प्लॅस्टिकच्या सुरीने फळाचा लगदा झाला. घरून कापून डब्यात आणलेल्या फोडी आईने हातात घेऊन पाहिल्या आणि परत ठेवल्या. डॉक्टर म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नळी पुन्हा घालावी लागेल. आईने ते ऐकलं. तिने चादर नाकापर्यंत ओढून घेतली.

चाकूताईचा थोरला भाऊ भेटायला आला होता. त्याने आईला सांगून पाहिलं की फळ ते फळ, कशाने का कापेना. मग बहिणीला जिन्यापाशी नेऊन म्हणाला, अगं, एवढी फुलवाली तू, एक गुच्छ बांध आणि ने आत. कोण देठं उपसून बघणार आहे?

संध्याकाळी दुकानात तिने तसा गुच्छ बांधला. गुच्छात तार लपते, मोडका देठ लपतो, काल उमललेलं फूल आजच्या फुलांआड लपतं. चाकू देठांमध्ये सरकवला, दोरा गुंडाळला आणि तो दिसेनासा झाला. काउंटरवर गुच्छ ठेवून ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. थंड खोलीचं दार नीट लागलं नव्हतं. धुकं फरशीवरून येत होतं आणि बादल्या त्यात तरंगत असल्यासारख्या दिसत होत्या. चाकूवर तिचा अजूनही पुरता विश्वास होता. पण त्या दुपारी तिच्या हाताने तिला काहीच सांगितलं नव्हतं, आणि उद्या तो सांगेलच असं तिला वाटेना. तिने दोरा सोडला आणि चाकू बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी ती साधी फुलं आणि एक नासपती घेऊन गेली. चाकू तिने काकांच्या हातात दिला. आई जागी होती, डोळे नेहमीपेक्षा स्वच्छ होते.

"तुझा चाकू कुठाय?"

"बाहेर, काकांच्या ड्रॉवरमध्ये."

"बाहेर म्हणजे किती लांब?"

"दाराच्या पलीकडे. टेबल आहे तिथे."

आईने दाराकडे नजर टाकली. "मग त्याला कशाला आत आणतेस?" ती म्हणाली. "मला ने की तिकडे."

शस्त्रक्रियेनंतर आई खाटेवरून उतरलीच नव्हती. परिचारिकांनी रोज चाकांची खुर्ची आणून पाहिली होती आणि रोज तिला चक्कर येत होती. मुख्य परिचारिकेने हे ऐकलं, क्षणभर आईकडे आणि क्षणभर मुलीकडे पाहिलं. दाराबाहेर काय चालतं ते माझ्या अखत्यारीत नाही, असं ती म्हणाली. खुर्ची मात्र तीच ढकलणार होती, आणि चाकू उघडा असेपर्यंत चाकूताईने आईला हात लावायचा नाही, फोड बशीत ठेवायची, अशी अट होती. चाकूताईने ती मान्य केली.

बाहेर लांब कॉरिडॉर होता, टोकाला मोठी खिडकी. दुपारचं ऊन फरशीवरून आडवं येऊन टेबलाच्या पायांपर्यंत पोचलं होतं. लिफ्टचं दार उघडे, आतून गार हवेचा झोत येई, कुणीच बाहेर पडत नसे आणि दार पुन्हा मिटे. आई खुर्चीत रेलून बसली. तिला गरगरत होतं, पण ते तिने कुणाला सांगितलं नाही. कुठे आलो आहोत हे तिला पुरतं कळत होतं की नाही, तेही सांगता येणार नाही. ती उन्हातून सरकणाऱ्या सावल्या बघत होती.

काकांनी ड्रॉवर उघडला आणि चाकू दोन्ही हातांनी दिला. चाकूताईने पातं धुऊन पुसलं. साल लांबच लांब उतरली, पहिली फोड बशीत पडली. ती तिने बशी सरकवून पुढे केली. आईने फोड उचलली, वास घेतला आणि तोंडात घातली. दुसरी फोड गेली, तिसरी गेली.

त्याच वेळी एक तरुण परिचारिका नळीचा ट्रे घेऊन वॉर्डाकडे आली. मुख्य परिचारिकेने नुसती मान हलवली. ट्रे आला तसा परत गेला. संध्याकाळी डॉक्टर एवढंच म्हणाले की नळीचं उद्या बघू.

आईने अर्धी नासपती संपवली आणि उरलेली काकांना द्यायला सांगितली.

"कच्ची आहे," ती डोळे न उघडता म्हणाली. "उद्या जरा पिकलेली बघून आण. आणि खुर्ची त्या खिडकीपाशी लावायला सांग, इथे ऊन पायावरच येतं."