गाव कोणतं म्हणायचं?

हॉटेलात किस्से शोधावे लागत नाहीत. पाहुणे ते सामानाबरोबरच घेऊन येतात आणि जाताना चार्जर नाहीतर एखादा मोजा विसरावा तसे मागं ठेवून जातात. मोजा आपण कुरियरनं परत पाठवू शकतो. किस्सा कुठं पाठवणार? तो इथंच पडून राहतो!

आमचं रिसॉर्ट म्हैसमाळच्या डोंगरामागं एका घळीत आहे. कॉटेज मोजकीच. संभाजीनगरहून येताना डांबर संपलं, मोबाइलची रेंज गेली आणि गाडीत कुणीतरी म्हणालं, "आपण चुकलो वाटतं," की समजायचं, पोचलो. मी इथली मॅनेजर. आधी बरीच वर्षं शहरात स्टेशनजवळच्या एका लॉजच्या काउंटरवर होते. तिथं गिऱ्हाईक यायचं, झोपायचं, जायचं. किस्सा व्हायला सवडच नसायची.

मालक नानासाहेब. जमीन घरचीच, पूर्वी सगळी सीताफळाची बाग. एकदा ते बालीला गेले आणि तिथल्या जंगलातल्या एका लहानशा, भलत्याच महागड्या हॉटेलात राहून आले. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद. "तिथं चहा येतो, पण आणणारा दिसत नाही! चादर बदललेली असते, पण बदलणारा दिसत नाही! याला म्हणतात एकांत!"

आमच्या स्वयंपाकीण शेवंताकाकूंनी भाकरी थापता थापता हे सगळं ऐकून घेतलं आणि मला हळूच विचारलं, "म्याडम, तिथून आल्यावर साहेबाला कुण्या भगताला दाखवलं का?"

* * *

नानासाहेबांच्या एकांताला एकच अडचण होती. सोपानमामा.

मामा पन्नाशी ओलांडलेले. घर मेंढरं राखणारं, भाऊ अजूनही कळप घेऊन हिंडतो. मामांचे गुडघे गेले म्हणून ते आमच्याकडं लागले. बॅगा उचलणं, चहा नेणं, चादरी बदलणं. माणूस कामाला वाघ! पण समोर पाहुणा दिसला की मामांच्या तोंडून पहिला प्रश्न निघालाच म्हणून समजा. "पाव्हणं, गाव कोणतं म्हणायचं?"

पार्किंगपासून कॉटेजपर्यंत बॅग पोचते, तोवर मामांना गाव, धंदा, लेकरं, म्हातारा-म्हातारी आहेत का गेली, एवढं सगळं कळलेलं असतं.

मी एकदा रागावले. "मामा, लोक इथं शांततेसाठी येतात. असं विचारू नये कुणाला."

"म्याडम, मेंढरं घिऊन परमुलखात गेलं ना, की पयलं इचारावं लागतं. गाव कुणाचं, पाणी कुठं, बरं हाय का समदं. जो मुकाट्यानं येतो त्येला लोक चोर समजतेत."

आमच्या हॉटेलच्या कोर्सात हा धडा नव्हता.

* * *

पहिली तक्रार आली ती पुण्याच्या एका जोडप्याची. दोघं चाळिशीचे, हसतमुख. मामांनी बॅगा घेतल्या. गाव झालं, नोकरी राहिली आणि मामा थेट लेकरांवर आले.

"लेकरं किती?"

"नाहीत," साहेब म्हणाले.

मामा थांबले. बॅगा खाली ठेवल्या. वैजापूरच्या अलीकडं एक वैद्य आहे, त्याच्याकडं जा, नक्की गुण येतो, असं त्यांनी अगदी कळवळून सांगितलं. साहेब आधी ऐकून घेत होते, मग जरा कडक आवाजात म्हणाले, "मामा, मी स्वतः त्याच आजाराचा डॉक्टर आहे. लोक लांबून माझ्याकडं येतात मूल व्हावं म्हणून."

मामांनी त्यांच्याकडं नीट निरखून पाहिलं. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "मग तुमच्याकडं बघून परत नाय जात ते?"

संध्याकाळी लँडलाइनवर नानासाहेबांचा फोन. "मामांना आवरा! नाहीतर मी मुंबईहून ट्रेन्ड माणसं आणतो!"

* * *

आमच्या बाथरूमला छत नाही. वर आकाश, भिंतीला वेल. वेबसाइटवर सगळ्यात जास्त फोटो त्याचेच आहेत.

वैजापूरचे एक कांद्याचे व्यापारी सहकुटुंब आले होते. त्यांना ही ट्रिप मुलानं भेट दिली होती. खोलीत गेले तसे शेठ खांद्यावर टॉवेल टाकून काउंटरवर परत हजर!

"म्याडम, काम अर्धवट दिसतंय. स्लॅब टाकलेली खोली द्या."

मी समजावलं. "शेठजी, ते मुद्दाम तसं आहे. आकाश बघत आंघोळ करायची."

शेठ भडकले. "आवो, आमच्या घरच्या न्हाणीला छप्पर नव्हतं म्हणून माझं ठरलेलं लग्न मोडलं! आन् आता तेच बघाया मी तुमच्याकडं येऊ व्हय?"

मामा शेजारीच उभे होते. त्यांना राहवतंय होय? "कुठली होती पोरगी?"

शेठनी भरात गाव सांगितलं. नाव सांगितलं. दिसायला कशी होती तेही सांगितलं. मग त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडं गेलं आणि ते मागं वळले.

शेठाणीबाई केव्हापासून मागं उभ्या होत्या. त्यांना हे सगळं नवीन होतं!

* * *

रेंज आमच्याकडं फक्त एकाच जागी येते, पाण्याच्या टाकीवर. हे आम्ही कुणाला सांगत नाही. फोनपासून सुटका हवी म्हणून तर लोक येतात!

पण एका रविवारी नाशिकच्या एका काकांनी टाकीचा शोध लावला. जेवणापर्यंत टाकीवर चौघं होते, दुपारी गर्दी झाली. ज्या पाहुण्यांनी कॉटेजं लांब लांब हवीत म्हणून हट्ट धरला होता, ते सगळे टाकीवर मांडीला मांडी लावून बसलेले. मामा वर चहा घेऊन गेले आणि लवकर उतरलेच नाहीत.

काही महिन्यांनी एक लग्नपत्रिका आली. नाशिकच्या काकांचा मुलगा, जालन्याच्या एका बाईंची भाची. सोयरीक टाकीवरच जुळली होती!

नानासाहेब खुश होऊन पाकीट फोडायला गेले आणि थबकले. वर लिहिलं होतं, ‘श्री. सोपानमामा यांस सप्रेम’.

* * *

एकदा वेरूळची लेणी बघून एक वयस्क जपानी जोडपं आलं. बरोबर मराठी मुलगी होती, दुभाषी. दोघांनी कॉटेजसमोर खुर्च्या टाकल्या आणि समोरच्या डोंगराकडं बघत बसले. हलेनात, बोलेनात.

मामांची पंचाईत झाली. विचारायचं कोणत्या भाषेत? दुभाषी मुलगी तर आत झोपलेली. मग मामा त्यांच्या मागं जरा अंतरावर जाऊन बसले आणि तिकडंच बघू लागले. "काय दिसतंय?" मी खुणेनं विचारलं. त्यांनी खुणेनंच मला थांबायला सांगितलं.

मामा इतकं मन लावून बघतायत म्हटल्यावर काकू आल्या. माळी आला. खोटं कशाला बोलू, काउंटर सोडून मीही जाऊन बसले. बिबट्या असेल, असं माळ्याचं म्हणणं पडलं. दिवस कलला तरी आम्ही सगळे डोंगराकडं टक लावून!

शेवटी ती मुलगी उठून बाहेर आली. जपानी आजोबा तिच्या कानात काहीतरी बोलले. ती आमच्याकडं आली.

"ते विचारतायत, तुम्ही सगळे काय बघताय? आजींचे पाय आखडलेत, पण तुम्हाला जे दिसतंय ते दिसल्याशिवाय उठायचं नाही म्हणतायत."

* * *

आता जो किस्सा सांगणार आहे, त्याला मी तेव्हा हसले नव्हते.

शेंद्र्याच्या एका कंपनीची मंडळी आली होती. टीम बिल्डिंग! सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट, हिरवळीवर दोरीचे खेळ, एकमेकांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा वगैरे. चहाच्या सुट्टीत मामांनी एका तरुण साहेबाला अगदी मायेनं विचारलं, "पगार बराय ना?"

तरुण भाबडा निघाला. त्यानं आकडा सांगितला.

शेजारच्या मॅडमच्या हातातला कप तसाच राहिला. हा त्यांच्यामागून लागलेला, त्यांनीच शिकवलेला! मग त्यांनी तिसऱ्याला विचारलं, तिसऱ्यानं चौथ्याला. जेवणाच्या वेळी टीमचे तीन गट तीन टेबलांवर होते आणि बॉस एकटाच दाल-खिचडी खात होता.

जाताना बॉस नानासाहेबांशी जे बोलला, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नानासाहेबांनी मामांना माझ्यासमोर बोलावलं. आवाज चढवला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. "मामा, आता एक जरी तक्रार आली, तरी तुम्ही घरी."

मला फार वाईट वाटलं. मामांची मुलगी शहरात नर्सिंग शिकत होती आणि त्या गुडघ्यांनी परत मेंढरांमागं चालणं होणार नव्हतं.

* * *

त्या दिवसापासून मामांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. मीठ म्हणजे लवंग. पाहुणा दिसला की एक लवंग गालात ठेवायची, म्हणजे तोंड उघडायला नको.

अशात मुकुंदवाडीचं एक नवं जोडपं आलं. कॉटेज दोघांचं, पण सोडायला दोन जीपभरून माणसं! जावई कुठं राहणार ते बघायला आत्या, मावश्या, चुलते सगळे. मामांनी गुपचूप बॅगा उचलल्या.

म्हाताऱ्या आत्याबाईंना ते खटकलं. "का वो, तुम्ही कुठले?" मामा गप्प. "लेकरं किती?" मामा गप्प. "बायको हाय ना?" मामांच्या कपाळावर घाम!

आत्याबाई तडक माझ्याकडं आल्या. "म्याडम, हा माणूस काही इचारत बी नाय, सांगत बी नाय. लक्षण बरं दिसत नाय. असल्याच्या भरवशावर पोरगी ठिवायची कशी?"

आणि आत्याबाई त्या रात्री मुक्कामालाच राहिल्या!

* * *

आणि मग ठाण्याच्या बाई आल्या.

साठीच्या असतील. फोनवर एकच अट घातली होती. "माझ्याशी कुणी बोलायचं नाही. काही विचारायचं नाही." नानासाहेबांना आकाश ठेंगणं झालं. "हा आपला खरा गेस्ट! अगदी बालीचा!" त्यांनी स्वतः मुक्काम ठोकला. नेमका चहा नेणारा दुसरा माणूस गावी लग्नाला गेला होता. उरले मामा.

मामा ट्रे घेऊन निघाले की आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचो. पायरीवर ट्रे ठेवायचा, मान लववायची, परत फिरायचं. एक शब्द नाही. पण परत आल्यावर मामांचा जीव कासावीस झालेला असायचा.

"म्याडम, सकाळधरनं चांगली साडी नेसून, पर्स घिऊन पायरीवर बसल्यात. जात तर कुठंच नायत."

दुसऱ्या दिवशी तेच. साडी, पर्स, पायरी. ऊन वर आलं की आत जायच्या.

काकू म्हणाल्या, "कुणी तरी न्यायला येणार असंल." नानासाहेब म्हणाले, "लेखिका असतील. ती मंडळी तशीच असतात." मला तर हिशेबात लक्ष लागेना. मामांनी लवंगांची डबी जवळजवळ संपवली.

तिसऱ्या दिवशी बाई निघाल्या. बिल झालं. नानासाहेबांनी हात जोडले. "काही त्रास तर झाला नाही ना?"

"त्रास नाही," बाई म्हणाल्या. मग थांबल्या. "पण ते चहा आणणारे आहेत ना..."

दाराशी मामा बॅग धरून उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

"त्यांच्या घरी काही वाईट झालंय का हो? रोज बघते, ओठ हलतात आणि परत मिटतात. मला बघवेना."

नानासाहेब गडबडले. "छे छे, तसं काही नाही! मामा, अहो बोला की बाईंशी!"

मामांनी गालातली लवंग काढली, खिशात टाकली आणि बॅग उचलली. आम्ही काचेतून बघत होतो. गाडीपाशी पोचल्यावर मामांनी बाईंना काहीतरी विचारलं. एवढंसंच.

बाई गाडीत बसल्या नाहीत. कडुनिंबाच्या पारावर टेकल्या आणि बोलायला लागल्या. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. थोड्या वेळानं तो उतरून लांब जाऊन बसला. मामांनी टोपी काढून हातात घेतली होती. मध्ये एकदा दोघंही हसले. मग बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मामा दुसरीकडं बघत उभे राहिले. काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या होत्या, त्या तशाच.

गाडी गेली. मामा सावकाश चालत आले.

आम्ही कुणी काही बोलायच्या आत नानासाहेब काउंटरमागून बाहेर धावले. "काय हो मामा? काय सांगत होत्या? एकट्याच का आल्या? आणि पायरीवर का बसायच्या रोज?"

मामांनी टोपी झटकली, डोक्यावर नीट बसवली.

"साहेब, बाईंनी ते मला सांगितलंय, हाटेलाला नाय," मामा म्हणाले. "आता बोला, घरी जाऊ का चादरी बदलू?"