तिसऱ्या तासाचा चहा

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मुळशी तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात आम्ही आठ शिक्षक होतो. आठही पदवीधर, आठही पुरुष, आणि चहा एकालाही करता येत नव्हता. म्हणून तिसऱ्या तासाला दहावीतली एक मुलगी उठून प्रयोगशाळेत जाई आणि स्टोव्ह पेटवी. हेडमास्तर याला संस्कार म्हणत. तिसरा तास बीजगणिताचा, म्हणजे माझा.

तो चहा मीही चार वर्षं प्यायलो. घराण्यातला मी पहिला बी.एस्सी. हेडमास्तरांनी घरी बोलावून नोकरी दिलेली. त्या उपकाराखाली मान इतकी वाकली की समोरची रिकामी जागा मला दिसलीच नाही.

मुलींच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. पण धरणाकाठच्या वाडीतून चालत येणाऱ्या एका मुलीच्या हातचा चहा हेडमास्तरांना आवडला आणि पाळी रोज तिचीच झाली. सहामाहीत ती गणितात नापास झाली. मार्चमध्येही तसंच झालं तर बाप लग्न लावून देणार होता. मी, शहाणा, तिलाच रागावलो.

"सर," ती म्हणाली, "चा वंगाळ केला आसता तर बसू दिलं आसतं व्हय मला?"

रात्री जेवताना हे मी घरी सांगितलं. माझा थोरला तिच्याच वर्गात. तो हसला. "आबा, तिला कुटं इंजिनेर व्हायचंय? जल्मभर चाच करायचाय की!" धाकटाही खिदळला.

बायको तव्यापाशी होती. "माझा बा बी आसंच म्हणला हुता," ती म्हणाली. "तुमच्या तिघांतला एक तरी उठून पानी घेतो का?"

आमच्यापुढचा तांब्या तिनंच भरून ठेवला होता.

रविवारी तिनं थोरल्याला चहा शिकायला चुलीपुढं बसवलं आणि त्याच्या शेजारी मला. सोमवारी तिसऱ्या तासाला मुलगी उठली, तिला मी खाली बसवलं आणि माझ्या मुलाला पाठवलं. मागून पोरं ओरडली, "वहिनी, साखर बेतानं टाका हां!" त्याचे कान लाल झाले. पण गेला.

दहा मिनिटांत हेडमास्तर दारात. "मास्तर, ही काय चेष्टा? पोरगा चहा गाळतोय!"

"बिघडलाय का, सर?"

"चहाचं सोडा. तिला पाठवा."

मुलगी बाक धरून अर्धी उभी राहिली होती.

"ती नापास झालीय. तासाला बसेल."

"तुम्हाला इथं कुणी आणलं, विसरलात?"

"नाही विसरलो," म्हणालो आणि फळ्याकडे वळलो. समीकरण वाकडं आलं. मागे बाक वाजला. ती बसली होती.

त्यानंतर माझ्या तासातून चहाला कुणी उठलं नाही. स्टोव्ह पेटवायला मात्र कुणी गुरुजी शिकला नाही. बाकीचे सातही जण तास अर्धा सोडून एसटी स्टँडवर चहाला जाऊ लागले. मुलगी गणितात काठावर पास झाली. पेढे घेऊन शाळेत आली तेव्हा हेडमास्तरांनी दोन उचलले.